वेगावरून मोजलेले विकर

खारघरच्या सेक्टर २२ मध्ये, डोंगरांच्या सान्निध्यात, सुमारे ६० एकरांचे एक आवार आहे. टाटा मेमोरियल सेंटरचे कर्करोग उपचार, संशोधन आणि शिक्षण केंद्र ते हेच. ‘ॲक्ट्रेक’ म्हटले की स्टेशनवरचा रिक्षावाला पुढे काही विचारत नाही. देशभरातून आलेल्या रुग्णांत येथे लहान मुलेही असतात, आणि त्यांच्यातल्या अनेकांना रक्ताचा कर्करोग, म्हणजे ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया झालेला असतो. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग हाच.

जगभर या आजारावर जी औषधे एकत्र देतात, त्यांतले एक बाकीच्यांपेक्षा वेगळे आहे. त्याचे नाव ॲस्परॅजिनेज. ते स्वतःच एक विकर आहे, म्हणजे एन्झाइम: शरीरातली रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. इंजेक्शन दिल्यावर मुलाच्या रक्तात ते पुरेसे आहे का, हे डॉक्टरांना कळावे लागते. आता त्याचे प्रमाण पाहा. रक्तद्रवाच्या एका लिटरमध्ये ६० ते ८० ग्रॅम प्रथिने असतात. औषध काम करण्याइतके आहे असे म्हणायला त्यात ॲस्परॅजिनेज लागते अर्ध्या मिलिग्रॅमहून कमी, म्हणजे साधारण दीड लाखात एक भाग. इतकी किंचित मात्रा प्रथिनांच्या त्या गर्दीतून निवडून तराजूत घालणे शक्य नाही.

तरीही तिचा आकडा काढता येतो. त्यासाठी कोणी विकर शोधत बसत नाही. विकर काम किती वेगाने करते ते पाहतात आणि त्या वेगावरून विकर किती असेल याचा हिशेब मांडतात. ही युक्ती मद्य गाळणाऱ्यांच्या प्रयोगशाळांतून निघाली, बर्लिनच्या एका रुग्णालयात पक्की झाली, केंब्रिजमार्गे एका मराठी बाईंच्या हाती आली आणि अखेर मुलांच्या खाटेपर्यंत पोचली. या प्रवासाला शंभराहून अधिक वर्षे लागली.

साखर, यीस्ट आणि दोन चुका

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या मद्य उद्योगाला एक प्रश्न छळत होता. यीस्टमधले इन्व्हर्टेज नावाचे विकर साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विभाजन करते. हे काम कोणत्या नियमाने चालते, हे कळले तर पिंपात काय होणार याचा अंदाज आधी बांधता आला असता. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम येथे ॲड्रियन ब्राउन यांनी १९०२ मध्ये एक निरीक्षण नोंदवले. साखर थोडी असताना ती वाढवली की वेग वाढतो. पण साखर भरपूर झाल्यावर आणखी कितीही घातली तरी वेग वाढत नाही. ब्राउन यांनी त्याचा अर्थ असा लावला की विकराचा रेणू साखरेच्या रेणूला क्षणभर धरून ठेवतो आणि तेवढा वेळ तो गुंतलेला असतो. सगळे रेणू गुंतले की वेगाची कमाल मर्यादा गाठली जाते.

पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये व्हिक्टर आंरी यांनी या कल्पनेला गणिती सूत्र दिले. सूत्र बरोबर होते. प्रयोग मात्र त्याच्याशी नीट जुळत नव्हते. त्यामागे दोन चुका दडल्या होत्या. साखर किती फुटली हे पोलॅरिमीटरमध्ये प्रकाश किती वळतो त्यावरून पाहत. पण नुकतेच तयार झालेले ग्लुकोज आपले रूप स्थिर करायला काही वेळ घेते, त्यामुळे वाचन फसवे येई. दुसरे म्हणजे द्रावणाची आम्लता प्रयोगागणिक बदले, आणि विकराचा वेग तिच्यावर अवलंबून असतो. या दुसऱ्या अडचणीवर उत्तर आले तेही मद्यनिर्मितीशी बांधलेल्या संस्थेतूनच. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन सोरेन्सेन यांनी १९०९ मध्ये पीएच मोजपट्टी मांडली.

मग सूत्रे हाती घेतली बर्लिनच्या एका रुग्णालयाने. लिओनोर मायकेलिस हे ज्यू वैद्यक संशोधक. योग्यता असून त्यांना विद्यापीठात कायमचे स्थान मिळाले नव्हते. ‘अम उर्बान’ रुग्णालयातल्या लहानशा प्रयोगशाळेत ते काम करीत. तेथे कॅनडाच्या मॉड मेंटेन आल्या. टोरांटोहून १९११ मध्ये एम.डी. झालेल्या मेंटेन वैद्यकातली ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या काही कॅनेडियन स्त्रियांपैकी एक. दोघांनी इन्व्हर्टेजचा प्रयोग नव्याने उभारला. आम्लता बांधून ठेवली. ठरावीक वेळी द्रावणात अल्कली घालून क्रिया थांबवली आणि ग्लुकोज स्थिर झाल्यावरच वाचन घेतले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्यांनी वेग मोजला तो क्रियेच्या अगदी आरंभी, साखर अजून जवळपास जशीच्या तशी असताना. १९१३ मध्ये त्यांचा जर्मन भाषेतला निबंध प्रसिद्ध झाला. आज जगातला जीवरसायनाचा प्रत्येक विद्यार्थी मायकेलिस-मेंटेन समीकरण शिकतो, ते याच निबंधातून आले.

हिशेब कसा होतो

हे समीकरण सांगायला रायगडातली भातलावणी पुरेशी आहे. धुक्यात समोरचे खाचर दिसत नाही, पण तासाभरात किती लावणी झाली ते नंतर मोजता येते. एक बाई तासाला किती लावते ते ठाऊक असेल, तर बायका किती होत्या ते भागाकाराने निघते. अट एकच: आवणाच्या मुठी हाताशी मुबलक हव्यात. मुठी संपत आल्या की बायका रिकाम्या थांबतात, आणि मग झालेल्या कामावरून त्यांची संख्या काढली तर ती खोटी निघते.

विकराचेही तसेच. ज्या पदार्थावर ते काम करते तो भरपूर असला की प्रत्येक रेणू सतत कामात राहतो. विकर दुप्पट, तर वेग दुप्पट. ‘भरपूर’ म्हणजे किती, ते मायकेलिस स्थिरांक सांगतो. पदार्थाचे प्रमाण ज्या आकड्याला आले की विकर कमाल वेगाच्या बरोबर निम्म्या वेगाने चालते, तो हा स्थिरांक. पदार्थ त्याच्या दसपट ठेवला तर विकर कमाल वेगाच्या ९१ टक्क्यांवर पोचते, शंभरपट ठेवला तर ९९ टक्क्यांवर. इतकी तयारी करून, तापमान आणि पीएच ठरवून, आरंभीचा वेग मोजायचा आणि शुद्ध विकराच्या माहीत असलेल्या ताकदीने त्याला भागायचे. उत्तर येते ते विकराचे प्रमाण.

ॲस्परॅजिनेजचेच उदाहरण घेऊ. औषध म्हणून वापरल्या जाणाऱ्या शुद्ध ॲस्परॅजिनेजच्या एका मिलिग्रॅमची ताकद साधारण २२५ युनिट किंवा त्याहून थोडी अधिक असते. एका युनिटचा अर्थ असा की ते विकर ठरलेल्या परिस्थितीत मिनिटाला एक मायक्रोमोल पदार्थाचे रूपांतर करते. मुलाच्या रक्तद्रवात लिटरमागे १०० युनिट एवढा वेग आढळला, तर १०० भागिले २२५, म्हणजे सुमारे ०.४४ मिलिग्रॅम काम करणारे विकर त्या लिटरात आहे. आरंभी सांगितलेला अर्ध्या मिलिग्रॅमहून कमी हा आकडा येथून आला.

यातले ‘काम करणारे’ हे शब्द वाचकाने लक्षात ठेवावेत. उष्णतेने मोडलेले, साठवणीत बिघडलेले किंवा शरीराच्या प्रतिपिंडांनी जखडलेले विकर वजनात भरते, वेगात भरत नाही. वेगावरून काढलेला आकडा फक्त कामाच्या रेणूंचा असतो. पुढे या औषधाच्या इतिहासात हाच फरक निर्णायक ठरला.

केंब्रिजहून मुंबईला

पहिल्या महायुद्धानंतर विकरांच्या अभ्यासाचे मोठे केंद्र केंब्रिजला तयार झाले. फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्या जीवरसायन विभागात जे. बी. एस. हॉल्डेन १९२३ पासून रीडर होते. १९२५ मध्ये जॉर्ज ब्रिग्ज आणि हॉल्डेन यांनी मायकेलिस-मेंटेन समीकरणाला अधिक व्यापक पाया दिला. पाठ्यपुस्तकात आज जी सिद्धता दिलेली असते ती बहुधा त्यांचीच. हेच हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, येथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

विकर हे प्रथिन असते, हे तेव्हा सर्वमान्य नव्हते. १९२६ मध्ये अमेरिकेत जेम्स समनर यांनी जॅकबीन या शेंगेच्या दाण्यांतून युरिएज नावाच्या विकराचे स्फटिक मिळवले आणि ते प्रथिन असल्याचे दाखवले. अनेक वर्षे त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही; १९४६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. स्फटिक हाती आल्यामुळे वेगाच्या हिशेबाला आधार मिळाला. शुद्ध विकर तोलता येऊ लागले, त्याचा वेग मोजता येऊ लागला, आणि एका मिलिग्रॅमची ताकद किती हे ठरवता येऊ लागले.

हॉपकिन्स यांच्या त्याच विभागात १९३७ मध्ये एक मराठी तरुणी दाखल झाली. कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, दुर्गा भागवतांची बहीण. त्याआधी १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संचालक सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून त्यांचा अर्ज नाकारला होता. कमलाबाई हटल्या नाहीत. वर्षभर काम पाहून मग ठरवू, अशा अटीवर त्यांनी प्रवेश मिळवला आणि आपल्या कामाने संस्थेची दारे पुढच्या मुलींसाठी उघडली. केंब्रिजला बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असते, हे त्यांनी दाखवले. श्वसनाच्या क्रियेतला हा महत्त्वाचा दुवा. त्यांचा प्रबंध अगदी आटोपशीर होता. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली, विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री.

मायदेशी परतल्यावर दिल्ली आणि कुन्नूर असा प्रवास करून त्या लग्नानंतर मुंबईला आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनाचा नवा विभाग त्यांनी उभा केला. तेथे त्यांनी हात घातला तो गरिबाच्या ताटातल्या कडधान्यांना. वाल आणि डबलबीनमध्ये असा काही घटक असतो की तो ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवतो. हा अडथळा किती आहे हे कसे मोजायचे? पुन्हा वेगावरूनच. ट्रिप्सिन प्रथिन किती वेगाने पचवते ते आधी पाहायचे, मग वालाचा अर्क घालून पाहायचे. वेग जेवढा घटला तेवढे ट्रिप्सिन निकामी झाले. १९५५ मध्ये सोहोनी आणि त्यांचे सहकारी आंबे यांनी वाल आणि डबलबीनमधले हे रोधक स्फटिकरूपात मिळवल्याचे ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. पनवेल-पेण-अलिबागच्या मातीत पिकणारा आणि थंडीत पोपटीच्या मडक्यात शिजणारा वाल अशा रीतीने जगाच्या विकरशास्त्रात नोंदला गेला. शिजवल्यावर हा अडथळा बराचसा नाहीसा होतो, ही गोष्ट आहाराच्या दृष्टीने मोलाची.

एक युनिट सर्वांचे

१९५० च्या दशकापर्यंत विकरांची मोजणी बेशिस्त झाली होती. जो तो आपल्या सोयीचे युनिट वापरी, त्यामुळे एका शहरातला आकडा दुसऱ्या शहरात निरुपयोगी ठरे. तोवर रुग्णालयांना मात्र विकरांची गरज भासू लागली होती. १९५४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लाड्यू, व्रोब्लेव्हस्की आणि कार्मेन यांनी दाखवून दिले की हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तातले एक विकर झपाट्याने वाढते. हृदयाच्या मेलेल्या पेशींतून ते बाहेर सांडलेले असते. हेच आपल्या ओळखीचे एसजीओटी. कार्मेन यांनी त्याचा वेग प्रकाशाच्या शोषणावरून मिनिटामिनिटाला वाचण्याची रीत बसवली.

अखेर १९५६ मध्ये आंतरराष्ट्रीय जीवरसायन संघटनेने विकर आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष माल्कम डिक्सन हे हॉपकिन्स यांच्या केंब्रिजमधल्या विभागातलेच. १९६१ च्या अहवालात आयोगाने सर्वांसाठी एक युनिट ठरवले: मिनिटाला एक मायक्रोमोल. आज गावातल्या लॅबमधून येणाऱ्या कागदावर एसजीओटीपुढे ‘यू/एल’ लिहिलेले असते. त्यात विकराचे वजन नसते. त्यात असतो वेग. मायकेलिस आणि मेंटेन यांनी सांगितलेली काळजी घेऊन यंत्राने तो मोजलेला असतो.

गिनीपिगच्या रक्तातले औषध

ॲस्परॅजिनेजची कहाणी याच सुमारास समांतर सुरू झाली. १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात जॉन किड उंदरांतल्या लिम्फोमाच्या गाठींवर सशाचे प्रतिपिंड वापरून पाहत होते. सोबत पूरक म्हणून गिनीपिगचे रक्तजल देत. तुलनेसाठी त्यांनी काही उंदरांना नुसते गिनीपिगचे रक्तजल दिले, आणि त्यांच्याही गाठी विरघळल्या. घोड्याच्या किंवा सशाच्या साध्या रक्तजलाने तसे होत नव्हते. गिनीपिगमध्ये असे काय होते?

उत्तर एका जुन्या निबंधात पडून होते. गिनीपिगच्या रक्तात ॲस्परॅजिनेज असते, हे क्लेमेंती या इटालियन संशोधकाने १९२२ मध्येच नोंदवले होते. जॉन ब्रूम यांनी दोन्ही धागे जोडले आणि १९६१ मध्ये पुरावा मांडला की गाठी विरघळवणारा घटक हेच विकर आहे. कारणही उलगडले. ॲस्परॅजिन हे अमिनो आम्ल निरोगी पेशी स्वतः तयार करू शकतात. ल्युकेमियाच्या या पेशींना ते पुरेसे करता येत नाही. त्या रक्तातल्या ॲस्परॅजिनवर जगतात. विकराने रक्तातले ॲस्परॅजिन फोडून टाकले की त्यांची उपासमार होते.

गिनीपिगचे रक्त किती मिळणार? १९६४ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात मॅशबर्न आणि रिस्टन यांनी इ. कोलाय या जिवाणूचे ॲस्परॅजिनेजही गाठींवर चालते हे दाखवले, आणि औषध मोठ्या प्रमाणात बनवण्याचा मार्ग मोकळा झाला. येथेही वेगाच्या गणिताने दिशा दाखवली. इ. कोलायमध्ये दोन ॲस्परॅजिनेज असतात. दोन्ही परीक्षानळीत ॲस्परॅजिन फोडतात, पण कर्करोगावर एकच चालते. कारण रक्तात ॲस्परॅजिन असते लिटरमागे साधारण ५० मायक्रोमोल. उपयोगी विकराचा मायकेलिस स्थिरांक १० ते १५ मायक्रोमोल आहे, म्हणून ते एवढ्या कमी पदार्थावरही जोमाने चालते. दुसऱ्याचा स्थिरांक कित्येक पटींनी मोठा, त्यामुळे रक्तात ते जवळपास निष्क्रिय राहते.

१९६६-६७ मध्ये पहिल्या रुग्णांना हे विकर देण्यात आले. १९७८ मध्ये अमेरिकेत इ. कोलायच्या ॲस्परॅजिनेजला मान्यता मिळाली आणि १९९४ मध्ये शरीरात जास्त काळ टिकणाऱ्या पेगॲस्परगेजला. मुलांच्या या ल्युकेमियावरच्या उपचारात ते कायमचे बसले.

परळहून खारघरला

टाटा मेमोरियल रुग्णालय परळला १९४१ मध्ये सुरू झाले. त्याच्याजवळ १९५२ मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर स्थापन झाले, डॉ. वसंत रामजी खानोलकर हे त्याचे पहिले संचालक. भारतीय पॅथॉलॉजीचा पाया घालणाऱ्या या माणसाने रोगनिदानाच्या कामाला मूलभूत संशोधनाची जोड हवी, असा आग्रह धरला. डॉ. कमल रणदिवे यांनी येथेच पेशींच्या संवर्धनाचे आणि कर्करोगाच्या उंदरांवरचे काम उभे केले आणि पुढे संस्थेची धुराही सांभाळली. १९६२ मध्ये रुग्णालय आणि संशोधन केंद्र अणुऊर्जा विभागाकडे आले, १९६६ मध्ये दोन्ही मिळून टाटा मेमोरियल सेंटर झाले. परळची जागा अपुरी पडू लागली, तेव्हा संशोधन संस्थेने खाडी ओलांडली. २००२ पासून ती खारघरला ‘ॲक्ट्रेक’चा भाग म्हणून नांदते आहे. पेशीतली प्रथिने कापणाऱ्या एचटीआरए-२ सारख्या विकरांचा अभ्यास डॉ. काकोली बोस यांचा गट येथेच करतो, आणि त्या अभ्यासाचे रोजचे हत्यार १९१३ चेच समीकरण आहे.

भारतातल्या मुलांच्या उपचाराला १९८० च्या दशकात वळण मिळाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने मुंबईचे टाटा मेमोरियल, दिल्लीचे एम्स आणि चेन्नईची कॅन्सर इन्स्टिट्यूट या तीन केंद्रांनी एमसीपी-८४१ नावाची एकच उपचारपद्धती स्वीकारली. मुंबईत हे काम डॉ. सुरेश अडवाणी यांच्या पुढाकाराने उभे राहिले. या पद्धतीत ॲस्परॅजिनेज होते. पूर्वी ज्या आजारातून मोजकीच मुले वाचत, त्यातून आता निम्म्याच्या आसपास मुले सुखरूप बाहेर येऊ लागली.

लेबलवरचा आकडा आणि रक्तातला आकडा

औषध स्वस्त झाले, अनेक उत्पादक पुढे आले, आणि एक नवा प्रश्न उभा राहिला. कुपीवर छापलेले ५,००० किंवा १०,००० युनिट खरोखर मुलाच्या रक्तात कामाला लागतात का? शंका घेण्याला कारणे होती. उत्पादनात भेसळीची प्रथिने राहू शकतात. वाहतुकीत थंडावा तुटला तर विकर मरते. आणि काही मुलांच्या शरीरात कोणतेही लक्षण न दिसता प्रतिपिंड तयार होतात. ते औषध आल्याआल्या जखडून टाकतात. अंगावर पुरळ नाही, ताप नाही, सगळे सुरळीत वाटते, आणि औषध मात्र काम करीत नाही.

हे पकडायचे तर रक्तातला वेग मोजायलाच हवा. जुनी रीत अमोनियाच्या पिवळ्या रंगावर आधारलेली होती. ॲस्परॅजिन फुटले की अमोनिया सुटतो आणि नेस्लर द्रावणात त्याचा रंग येतो. पण रक्तात मुळातच अमोनिया असतो, त्यामुळे बारीक फरक झाकला जाई. २००२ मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या गटाने वेगळा मार्ग काढला. ॲस्परॅजिनसारख्याच एका कृत्रिम पदार्थावर विकराला काम करू द्यायचे आणि त्यातून तयार होणारा हिरवट रंग वाचायचा. ॲस्परॅजिनेजची माहीत असलेली मात्रा शेजारी ठेवून रंगाची तुलना केली की रुग्णाच्या रक्तातले युनिट कळतात. २०१६ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने पातळी ठरवली: मिलिलिटरमागे किमान ०.१ युनिट, म्हणजे लिटरमागे तेच १०० युनिट.

अशा तपासण्यांनी दोन देशांतली सत्यस्थिती उघड केली. २०१७ मध्ये ब्राझीलच्या सरकारने मुलांसाठी आयात केलेल्या एका ॲस्परॅजिनेजवर तेथल्या बालकर्करोग केंद्राने चाचण्या केल्या, त्यात भेसळीची प्रथिने आढळली आणि देशभर वाद पेटला. भारतात कोलकात्याच्या टाटा मेडिकल सेंटरच्या संशोधकांनी येथे विकल्या जाणाऱ्या इ. कोलाय ॲस्परॅजिनेजच्या जेनेरिक उत्पादनांची परीक्षा केली आणि २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला की त्यांची गुणवत्ता समाधानकारक नाही आणि त्याचा परिणाम मुलांच्या उपचारावर होऊ शकतो. कुपीवरचे लेबल ठीक, मात्रा ठीक, वेळापत्रक ठीक. तरी रक्तातला वेग अपुरा. वेग मोजला नसता तर आजार उलटल्यावर दोष आजारालाच दिला गेला असता.

दुसऱ्या बाजूने चांगल्या औषधाचाही शोध चालू राहिला. आयआयटी इंदूरमध्ये अविनाश सोनवणे यांच्या गटाने ॲस्परॅजिनेजच्या रचनेत ठरवून बदल केले, जेणेकरून ते जास्त टिकावे आणि दुष्परिणाम कमी व्हावेत. त्याच्या पुढच्या चाचण्यांत टाटा मेमोरियल आणि खारघरचे ॲक्ट्रेक सहभागी झाले. असे नवे विकर जुन्यापेक्षा सरस आहे की नाही, याचा निवाडाही मायकेलिस स्थिरांक आणि आरंभीचा वेग यांच्यावरच होतो.

या इतिहासाने काय दिले

या सगळ्या घटनाक्रमाचे दोन परिणाम स्पष्ट दिसतात. पहिला रोगनिदानात. यकृत, हृदय, स्वादुपिंड यांच्या आजाराची खूण आज काही मिनिटांत मिळते, कारण विकर तोलण्याऐवजी त्याचे काम मोजायचे, हे शास्त्राने मान्य केले. दुसरा औषधाच्या नियंत्रणात. ज्या औषधाचे मोल त्याच्या कामातच असते त्याला लेबल, वजन आणि किंमत एवढ्यावर स्वीकारता येत नाही, हे ॲस्परॅजिनेजने शिकवले.

या पद्धतीची मर्यादाही तितकीच खरी आहे. पदार्थ कमी पडला, तापमान ढळले, नमुना उशिरा तपासला किंवा वाचन उशिरा घेतले, तर आकडा येतो पण खोटा येतो. आंरी यांचे सूत्र बरोबर असून प्रयोग जुळले नाहीत ते अशाच चुकांमुळे. मायकेलिस आणि मेंटेन यांचे मोठेपण समीकरणाइतकेच त्यांनी पाळलेल्या शिस्तीत आहे, आणि जिल्ह्याच्या गावातली लॅब असो वा खारघरची प्रयोगशाळा, ती शिस्त प्रत्येक नमुन्यागणिक नव्याने पाळावी लागते.

रंग वाचणारे यंत्र, स्थिर तापमान, घड्याळ आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ एवढ्या साधनांवर ही तपासणी होते. म्हणून आपल्या देशात, जेथे बहुसंख्य पालक स्वस्त औषधावरच अवलंबून आहेत, ती मोठ्या शहरांतल्या मोजक्या केंद्रांपुरती राहता कामा नये. सरकारी खरेदीत ॲस्परॅजिनेजच्या प्रत्येक खेपेची क्रियाशीलता स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासली जावी, आणि उपचार घेणाऱ्या प्रत्येक मुलाच्या रक्तातला वेग मोजून पाहण्याची सोय जिल्ह्यापर्यंत पोचावी. १९१३ पासून हे गणित आपल्याला येते. ते प्रत्येक आजारी मुलाच्या कामी आणणे ही आता आरोग्य व्यवस्थेची जबाबदारी आहे.